स्पॅनिंग ट्रीची पोर्ट-सेटिंग्ज: पाहणीपासून समाप्ती अहवालापर्यंत

चालू नेटवर्कमध्ये स्पॅनिंग ट्रीला, म्हणजे स्विचमधल्या वर्तुळाकार वाटा बंद ठेवणाऱ्या पद्धतीला, हात लावायचा म्हटले की अनुभवी माणसाच्याही पोटात गोळा येतो. एका पोर्टवरची एक ओळ चुकली तर ती त्या पोर्टपुरती राहत नाही, सगळ्या इमारतीला भोवू शकते. आमच्या कार्यालयातील सर्व स्विचवर ही सेटिंग्ज पद्धतशीर बसवण्याचे काम माझ्याकडे जानेवारीत आले आणि एप्रिलमध्ये पूर्ण झाले. त्यातला बराचसा काळ पाहणीत, मंजुरीत आणि वाट पाहण्यात गेला; प्रत्यक्ष आज्ञा थोड्याच होत्या. हेच काम ज्यांच्यापुढे आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून ते क्रमाने लिहीत आहे.

सुरुवात तक्रारींपासून झाली. सकाळी संगणक सुरू केला की जवळजवळ अर्धा मिनिट नेटवर्क मिळत नसे. कर्मचारी लॉगिन करून बसत, पण सामायिक फोल्डर जोडलेले नसत. नेटवर्कवरून बूट होणारी यंत्रे तर डीएचसीपीकडून (यंत्रांना नेटवर्क पत्ता देणाऱ्या सेवेकडून) पत्ता न मिळाल्याने सरळ त्रुटी दाखवून थांबत. याखेरीज सकाळच्या वेळी सर्वच मजल्यांवर नेटवर्क अधूनमधून मंदावत असे, आणि या दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध असेल असे कोणाला वाटले नव्हते.

संबंध होता, आणि तो कळण्यासाठी स्पॅनिंग ट्री मुळात काय करते हे थोडे सांगायला हवे. आमच्याकडे टेबलांवरची यंत्रे जोडणाऱ्या, प्रत्येक मजल्यावरच्या अ‍ॅक्सेस स्विचपासून दोन अपलिंक (वर जाणाऱ्या जोडण्या) निघतात आणि तळमजल्यावरच्या दोन मुख्य स्विचमध्ये एकेक जाते, म्हणजे एक केबल तुटली तरी दुसरी असते. पण दोन वाटा म्हणजे वर्तुळ, आणि इथरनेटच्या फ्रेममध्ये (डेटाच्या तुकड्यात) आयपी पॅकेटसारखा आयुष्य मोजणारा आकडा नसतो. वर्तुळात सापडलेली ब्रॉडकास्ट, म्हणजे सर्वांसाठीची, फ्रेम आपोआप मरत नाही. ती फिरत राहते, प्रत्येक फेरीत तिच्या प्रती वाढतात आणि काही क्षणांत सर्व लिंक भरून जातात. यावर रेडिया पर्लमन यांनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना १९८५ मध्ये उपाय शोधला. स्विच एकमेकांना बीपीडीयू नावाचे छोटे संदेश पाठवतात, आपापसांत एक रूट, म्हणजे प्रमुख स्विच, निवडतात आणि रूटकडे जाणाऱ्या जादा वाटा स्वतःच बंद ठेवतात. १९९० मध्ये ही पद्धत ८०२.१डी या मानकात आली, आणि २००१ मध्ये ८०२.१डब्ल्यू म्हणून तिची वेगवान आवृत्ती आली.

आमच्या स्विचवर वेगवान आवृत्तीच चालू होती, तरीही अर्धा मिनिट लागत होता. पोर्टवर केबल जोडली की स्विच पलीकडच्या स्विचला प्रस्ताव पाठवतो. पलीकडे स्विच असेल तर तो लगेच संमती देतो आणि पोर्ट क्षणात सुरू होतो. पलीकडे संगणक असेल तर उत्तर देणारे कोणीच नसते, म्हणून स्विच जुन्या रीतीने १५ सेकंद आणि आणखी १५ सेकंद थांबतो. इतके करून पोर्ट सुरू झाला की स्विच त्याला रचनेतील बदल समजतो आणि ही बातमी सर्व स्विचना कळवतो, मग ते शिकलेले मॅक पत्ते (यंत्रांचे हार्डवेअर पत्ते) पुसून टाकतात. पत्ता माहीत नसला की फ्रेम सर्व पोर्टांवर सोडावी लागते. सकाळी शेकडो संगणक सुरू होताना हे पुन्हा पुन्हा घडत होते, आणि मंदावलेल्या नेटवर्कचे कारण तेच होते.

हे अंदाजाने सांगून भागणार नव्हते. ‘शो स्पॅनिंग-ट्री डिटेल’ या आज्ञेत आजवर किती बदल झाले, शेवटचा बदल किती वेळापूर्वी झाला आणि तो कोणत्या पोर्टकडून आला, हे तिन्ही दिसते. मी सकाळी मुख्य स्विचवर ही आज्ञा दिली, बदल ज्या पोर्टकडून आला होता त्याच्या पलीकडच्या स्विचवर गेले, तिथे पुन्हा तीच आज्ञा दिली, आणि माग काढत काढत एका साध्या टेबलावरच्या संगणकापाशी पोहोचले. पुढच्या काही सकाळी वेगवेगळ्या मजल्यांवर असेच झाले. ज्यांना वरिष्ठांना कारण पटवून द्यायचे आहे त्यांनी हा माग अवश्य काढावा. पोर्टच्या नावासह दाखवलेले कारण लगेच मान्य होते.

याच तपासात आणखी एक गोष्ट समोर आली. रूट कोण आहे ते पाहिले तर तो तळमजल्यावरच्या मुख्य स्विचपैकी नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या एका कोपऱ्यातील, सर्वांत जुना अ‍ॅक्सेस स्विच होता. रूटच्या निवडीत आधी सर्वांत लहान प्राधान्यसंख्या जिंकते; सर्व स्विचची ती मूळची ३२७६८ अशीच ठेवलेली असली की निवड मॅक पत्त्यावर होते. सर्वांत लहान पत्ता जिंकतो, आणि लहान पत्ता बहुधा जुन्या यंत्राचा असतो. त्यामुळे दोन मुख्य स्विचमधली मोठी लिंक बंद पडून होती आणि त्यांच्यातली रहदारी त्या जुन्या स्विचमधून वळसा घेऊन जात होती.

फेब्रुवारी पाहणीत गेला. पोर्टवर कोणती सेटिंग लावायची हे केबलच्या दुसऱ्या टोकाला काय आहे यावरच ठरते, म्हणून ते टोक पाहिल्याशिवाय एकही आज्ञा लिहायची नाही असे मी ठरवले होते. शेजारी यंत्रे ओळखणाऱ्या सीडीपी आणि एलएलडीपी यांतून मोठी यंत्रे कळली. बाकीसाठी प्रत्येक पोर्टवर किती मॅक पत्ते शिकले गेले आहेत ते काढले. एक पत्ता म्हणजे संगणक किंवा प्रिंटर, दोन-तीन म्हणजे बहुधा फोन आणि त्यामागे संगणक, कारण फोनचा पत्ता कधी कधी आवाजाच्या आणि डेटाच्या अशा दोन्ही व्हीलॅनमध्ये (एकाच स्विचवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कमध्ये) दिसतो. आठ-दहा पत्ते दिसले की टेबलाखाली कोणीतरी छोटा स्विच ठेवला आहे हे नक्की समजावे. ही यादी नेहमी कामकाजाच्या भर वेळेत काढावी. संध्याकाळी काढली तर बंद असलेली यंत्रे तिच्यात दिसतच नाहीत.

यादीतील शंकास्पद पोर्ट प्रत्यक्ष जाऊन पाहायचे होते. लेखा विभागाच्या आणि अभिलेखांच्या खोल्यांत जाण्यासाठी लेखी परवानगी लागते. अर्ज विभागप्रमुखांकडून प्रशासनाकडे आणि तिथून सुरक्षा कक्षाकडे जातो, आणि परवानगी ठरावीक दिवसाचीच मिळते. माझ्या पाहणीत सर्वाधिक वेळ याच कागदांनी घेतला, म्हणून सुचवते की तांत्रिक यादी तयार होण्याची वाट न पाहता हे अर्ज पहिल्याच आठवड्यात टाकावेत. खोलीत गेल्यावर पोर्ट क्रमांकाची चिठ्ठी केबलच्या दोन्ही टोकांना लावली आणि तक्त्यात ‘शेवटी काय आहे’ असा एक स्वतंत्र रकाना भरला.

मार्चच्या सुरुवातीला बदल-विनंतीचा अर्ज बदल मंजूर करणाऱ्या समितीकडे दिला. अर्जात कामाचे स्वरूप, कोणत्या स्विचवर, कोणत्या वेळेत, किती खंड अपेक्षित, धोका काय आणि काही बिघडल्यास मूळ स्थितीत परत कसे यायचे, असे रकाने असतात. खर्चाच्या रकान्यात लिहिण्यासारखे फारसे काही नव्हते. या सेटिंग्जसाठी वेगळा परवाना किंवा यंत्र लागत नाही. स्विचला थेट जोडून आज्ञा देण्याची एक कन्सोल केबल, चिठ्ठ्यांची रिळे आणि मी व माझे सहकारी अशा आम्हा दोघांच्या रात्रपाळीचे तास एवढाच खर्च होता. एका सदस्यांनी विचारले की इतकी वर्षे चाललेली गोष्ट आता का बदलायची. मी त्यांना बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकॉनेस मेडिकल सेंटरची घटना सांगितली. नोव्हेंबर २००२ मध्ये स्पॅनिंग ट्री कोलमडल्याने त्या रुग्णालयाचे नेटवर्क काही दिवस बंद पडले होते आणि कर्मचाऱ्यांना कागदावर काम करावे लागले होते. दुसऱ्या सदस्यांचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. एखादा पोर्ट संरक्षणामुळे बंद झाला तर ते कोणाला कळेल आणि तो कोण सुरू करील, असे त्यांनी विचारले. त्यावर मदत कक्षासाठी एका पानाची सूचना तयार करून ती अर्जाला जोडली. महिनाअखेरीस कोणताही बदल करायचा नाही असा आमच्याकडे नियम असल्याने तारीख एप्रिलमधील दुसऱ्या शनिवारची मिळाली.

मधल्या काळात भांडारातील दोन शिल्लक स्विच टेबलावर मांडून चाचणी घेतली, आणि माझ्या मनातली भीती खरे तर इथेच गेली. दोन्ही स्विच दोन केबलींनी जोडले आणि त्या टेबलापुरते स्पॅनिंग ट्री बंद केले. पहिली ब्रॉडकास्ट फ्रेम जाताच दोन्हीकडचे सगळे दिवे एका लयीत, न थांबता लुकलुकू लागले आणि कन्सोलवर टाइप केलेले अक्षर उमटायलाही वेळ लागू लागला. एक केबल काढली आणि सगळे क्षणात शांत झाले. वादळ आवरायला आधी केबल काढावी लागते, त्या अवस्थेत आज्ञा देत बसण्यात अर्थ नसतो, हे त्या टेबलापाशी पक्के ध्यानात राहिले. म्हणूनच कामाच्या रात्री आमच्यातला एकजण कायम रॅकपाशी उभा असावा असे ठरवले.

स्पॅनिंग ट्री पुन्हा चालू करून एकेक संरक्षण तपासले. पोर्टफास्ट लावलेला पोर्ट जोडताच सुरू झाला आणि अर्ध्या मिनिटाची प्रतीक्षा संपली. पोर्टफास्ट म्हणजे त्या पोर्टवर स्पॅनिंग ट्री बंद, असा समज मी अनेकांकडून ऐकला आहे आणि तो खरा नाही. पोर्ट बीपीडीयू पाठवत राहतो, फक्त सुरू होण्यापूर्वी थांबत नाही, आणि त्याच्या चालू-बंद होण्याची वार्ता इतर स्विचना कळवत नाही. त्यावर बीपीडीयू गार्ड लावले आणि मुद्दाम दुसरा स्विच जोडला. कन्सोलवर लगोलग दोन ओळी उमटल्या. पहिलीत गार्ड असलेल्या पोर्टवर बीपीडीयू आल्याने पोर्ट बंद करत असल्याचे, दुसरीत पोर्ट एर-डिसेबल (चुकीमुळे बंद) अवस्थेत टाकल्याचे लिहिले होते. छोट्या साध्या स्विचच्या दोन पोर्टांत एकच केबल अडकवून तो जोडला तेव्हाही हेच झाले, कारण आमच्या स्विचचा स्वतःचाच बीपीडीयू फिरून त्याच्याकडे परत आला.

बीपीडीयू फिल्टरची मात्र गोष्ट वेगळी आहे आणि नाव गार्डसारखेच वाटत असल्याने इथे थोडे थांबते. पोर्टवर थेट फिल्टर लावले की तो पोर्ट बीपीडीयू पाठवतही नाही आणि आलेला मोजतही नाही. म्हणजे त्या पोर्टपुरते स्पॅनिंग ट्री खरोखरच गेले, आणि तिथून वर्तुळ झाले तर ते कोणालाही दिसणार नाही. सर्व पोर्टफास्ट पोर्टांना एकदम लागू होणारे जागतिक फिल्टर त्यापेक्षा सौम्य असते. बीपीडीयू येताच ते माघार घेते. माझे मत स्पष्ट आहे: कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये पोर्टवरच्या फिल्टरला जागा नाही. बंद झालेल्या पोर्टची तक्रार टाळण्यासाठी ते लावणे म्हणजे धुराची सूचना देणारी घंटाच काढून ठेवणे.

ठरलेल्या शनिवारी रात्री दहाला काम सुरू केले. प्रथम सर्व स्विचचे चालू कॉन्फिगरेशन बाहेर साठवले आणि ‘शो स्पॅनिंग-ट्री’चे उत्तर प्रत्येक स्विचवरून उतरवून घेतले. मग रूट. त्यासाठी ‘रूट प्रायमरी’ अशी तयार आज्ञा आहे, पण ती त्या क्षणीची परिस्थिती पाहून आकडा ठरवते आणि नंतर त्याची राखण करत नाही. म्हणून आम्ही आकडे स्वतः लिहिले: पहिल्या मुख्य स्विचला ४०९६ आणि दुसऱ्याला ८१९२. हे आकडे ४०९६ च्या पटीतच द्यावे लागतात. शून्य मुद्दाम मोकळे ठेवले, म्हणजे पुढे मुख्य स्विच बदलताना नव्या यंत्राला वरची जागा देता येईल. दाखवलेला आकडा ४०९६ ऐवजी ४०९७ दिसला तर गोंधळू नये, त्यात व्हीलॅनचा क्रमांक मिळवलेला असतो. रूट बदलताच क्षणभर खंड पडला, दोन मुख्य स्विचमधली लिंक सुरू झाली आणि अ‍ॅक्सेस स्विचवर अपेक्षेप्रमाणे दुसरी अपलिंक पर्यायी भूमिकेत गेली.

एका मजल्यावर दुसऱ्या कंपनीचा स्विच आहे. आमचे बाकीचे स्विच सिस्कोचे असून त्यांवर प्रत्येक व्हीलॅनचा वेगळा वृक्ष (स्पॅनिंग ट्री) चालतो, तर त्या स्विचवर सर्वांचा मिळून एकच. अशा मिश्र मांडणीत मानक बीपीडीयूची देवाणघेवाण व्हीलॅन १ च्या वृक्षातून होते, म्हणून व्हीलॅन १ वापरात नसला तरी त्यासाठीही रूटची प्राधान्यसंख्या द्यावी. त्या स्विचवर पोर्टफास्टला ‘अ‍ॅडमिन एज’ आणि बीपीडीयू गार्डला ‘बीपीडीयू प्रोटेक्शन’ म्हणतात. काम तेच आहे.

त्यानंतर मुख्य स्विचच्या खाली जाणाऱ्या पोर्टांवर रूट गार्ड लावले. त्या दिशेने कोणी अधिक चांगला रूट असल्याचा दावा केला तर तेवढा पोर्ट रोखला जातो, आणि दावा थांबला की आपोआप सुरू होतो. दोन मुख्य स्विचमधल्या लिंकवर ते लावले नाही, कारण पहिला पडला तर दुसऱ्याने रूट व्हायचे असते आणि पहिला परतल्यावर दुसऱ्याने त्याचा मान राखायचा असतो. यात एक धोका आहे: ती मधली लिंक पूर्ण तुटली तर दुसऱ्या मुख्य स्विचला रूटची वाट अ‍ॅक्सेस स्विचमधून मिळायला हवी, आणि रूट गार्ड नेमकी तीच रोखते. आमची मधली लिंक दोन वेगळ्या मार्गांनी नेलेल्या केबलींची इथरचॅनल, म्हणजे एकच लिंक म्हणून चालणारी जोडणी, आहे म्हणून हा धोका आम्ही स्वीकारला. एकच केबल असती तर स्वीकारला नसता. अ‍ॅक्सेस स्विचच्या अपलिंकवर लूप गार्ड लावले. फायबरची एकच तार तुटून बीपीडीयू यायचे थांबले तर बंद ठेवलेला पोर्ट वाट मोकळी झाल्याचे समजून सुरू होऊ शकतो, त्याला ते अडवते. ही दोन्ही गार्ड एकाच पोर्टवर लावायची नसतात.

शेवटी टेबलांपर्यंत जाणारे पोर्ट घेतले. प्रत्येक पोर्ट आधी स्पष्टपणे अ‍ॅक्सेस प्रकारचा (टेबलावरच्या यंत्रासाठीचा) केला, मग पोर्टफास्ट आणि मग बीपीडीयू गार्ड. काही नव्या आवृत्त्यांत पोर्टफास्टच्या आज्ञेत ‘एज’ हा शब्दही द्यावा लागतो. जागतिक आज्ञेने हे एका ओळीत झाले असते, पण पुढे कॉन्फिगरेशन वाचणाऱ्याला पोर्टखालीच सगळे दिसावे म्हणून आम्ही पोर्टनिहाय लिहिले. वायरलेस अ‍ॅक्सेस पॉइंट आणि आभासी सर्व्हर चालवणारी यंत्रे ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन नेणाऱ्या जोडणीवर, असतात. त्यांच्यासाठी पोर्टफास्टचा ट्रंक प्रकार लागतो, आणि तो स्विचकडे जाणाऱ्या ट्रंकवर जाऊ नये म्हणून तक्त्यातील ‘शेवटी काय आहे’ हा रकाना दोघांनी मोठ्याने वाचून मगच एंटर दाबले.

गार्ड लागताच पाहणीत आढळलेले छोटे स्विच असलेले काही पोर्ट अपेक्षेप्रमाणे बंद झाले. यादीत नसलेला एक पोर्टही बंद झाला. त्याची केबल एका बैठकीच्या खोलीतील सादरीकरणाच्या कपाटात जात होती, तिथे पाहणीच्या दिवशी बंद असलेला एक स्विच आता चालू होता. तो काढून तिथे थेट केबल दिली. एर-डिसेबल झालेला पोर्ट सुरू करताना कारण दूर केल्यावरच ‘शटडाउन’ आणि मग ‘नो शटडाउन’ द्यावे. कारण तसेच असेल तर तो पुढच्या बीपीडीयूला, म्हणजे साधारण दोन सेकंदांत, पुन्हा बंद होतो. आपोआप सुरू होण्याची सोय मूळ स्थितीत बंद असते आणि चालू केल्यास मुदत ३०० सेकंद असते. पहिले काही आठवडे ती आम्ही बंदच ठेवली, म्हणजे प्रत्येक घटना माणसाच्या नजरेखालून जाईल. नंतर ती अर्ध्या तासाच्या मुदतीने चालू केली.

सोमवारी सकाळी मी मुख्य स्विचसमोर बसून बदलांचा आकडा पाहत होते. कार्यालय भरले, संगणक सुरू झाले, आणि आकडा हलला नाही. त्या वेळचा आनंद मला अजून आठवतो. नेटवर्कवरून बूट होणारी यंत्रे पहिल्याच फटक्यात पत्ता घेऊ लागली.

एक त्रुटी मात्र या सेटिंग्जनी भरून निघत नाही. काही साधे स्विच बीपीडीयू पुढे न पाठवता गिळून टाकतात. अशा स्विचवर कोणी वर्तुळ केले तर गार्डला काहीच कळत नाही. त्यासाठी टेबलांच्या पोर्टांवर ब्रॉडकास्टची मर्यादा घालणारे स्टॉर्म कंट्रोल लावण्याची वेगळी विनंती आता समितीपुढे आहे.

समाप्ती अहवालासोबत समितीने बदलापूर्वीचे आणि नंतरचे ‘शो स्पॅनिंग-ट्री’, अद्ययावत पोर्ट-तक्ता आणि मदत कक्षाच्या सूचनेची स्वाक्षरी केलेली प्रत मागितली. त्या रात्री उतरवून घेतलेल्या नोंदी होत्या म्हणून हे एका दिवसात देता आले, आणि एप्रिल संपण्याआधी विनंतीवर ‘पूर्ण’ असा शेरा मिळाला.